शून्य तक्रारींना पुरस्कार देऊ नका: महाविद्यालयाचा परिसर सुरक्षित करणाऱ्यांचा सन्मान कसा करावा

निवड समितीवर आले त्या पहिल्याच वर्षी आम्ही एका महाविद्यालयाला 'सुरक्षित परिसर' पुरस्कार दिला. गेल्या तीन वर्षांत छळाची, रॅगिंगची, मारहाणीची एकही तक्रार नाही, असं अर्जात ठळक लिहिलं होतं. कागदपत्रं चोख होती, समित्यांच्या बैठकींची इतिवृत्तं जोडलेली होती. आम्ही पाचही जणांनी सह्या केल्या. सात महिन्यांनी तिथल्या तीन मुली एकत्र पुढे आल्या. मग कळलं, की तक्रारपेटीची किल्ली ज्या माणसाबद्दल तक्रारी होत्या, त्याच्याच टेबलाच्या खणात असायची. पेटी रिकामी राहिली याचं कारण तेवढंच होतं.

त्याआधी चौदा वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. मला हे ओळखता यायला हवं होतं. माझ्या वसतिगृहाचं तक्रार रजिस्टर दर वर्षी भरायचं. मागच्या जिन्यावरचा दिवा, न्हाणीघराची तुटलेली कडी, फाटकापाशी रेंगाळणारा कुणीतरी, रात्री येणारे निनावी फोन. मुली लिहायच्या, कारण लिहिलं की काहीतरी होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. तरी कोऱ्या रजिस्टरला पुरस्कार देताना माझा हात अडला नाही.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्या समितीवर राहिले. आम्ही निकष बदलले, अर्ज बदलला, पाहणीची वेळही बदलली. तुमच्या विद्यापीठात, संस्थेत किंवा माजी विद्यार्थ्यांच्या संघात असा सन्मान सुरू करायचा असेल, तर आम्ही चुकतमाकत जी पद्धत बसवली ती अशी.

सन्मान नेमका कशाचा, हे आधी लिहून काढा

'सुरक्षिततेसाठी उल्लेखनीय योगदान' असं लिहून भागत नाही. त्या शब्दांत कुणीही बसतो, आणि मग ज्याची ओळख मोठी तो निवडला जातो.

मी समितीच्या प्रत्येक नव्या सदस्याला एका दाराची हकीकत सांगायचे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाची १९ वर्षांची मुलगी पहिल्या वर्षाला होती. एप्रिल १९८६ मध्ये तिच्याच वसतिगृहाच्या खोलीत, त्याच विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. तिच्या खोलीपर्यंत पोहोचताना वाटेत आपोआप कुलूप लागणारी दारं होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सोयीसाठी ती अडसर लावून उघडी ठेवलेली होती. कुलपं होती, नियमही होता. दाराला लावलेला तो अडसर काढणं मात्र कुणाचंच काम नव्हतं.

तुम्हाला शोधायचा आहे तो अडसर काढणारा माणूस. तो भाषण करत नाही, त्याच्या नावाची पाटी नसते, आणि त्याच्या कामाचा पुरावा म्हणजे न घडलेली घटना. म्हणून निकषात एकच वाक्य ठेवा: 'या व्यक्तीमुळे परिसरातला कोणता ठरावीक धोका कमी झाला, आणि ती नसली तरी तो कमीच राहील अशी काय व्यवस्था झाली?' या वाक्यात न बसणारा अर्ज कितीही मोठ्या माणसाचा असो, बाजूला ठेवा.

संकटात जीव धोक्यात घालणाऱ्याचा सन्मान हा वेगळा प्रकार आहे. दोन्ही एकाच पुरस्कारात कोंबू नका. १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला, तेव्हा ७६ वर्षांचे प्राध्यापक लिव्हिउ लिब्रेस्कु वर्गाचं दार अंगानं अडवून उभे राहिले. तेवढ्या वेळात त्यांच्या विद्यार्थ्यांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. लिब्रेस्कु लहानपणी दुसऱ्या महायुद्धातल्या ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेले होते. त्यांच्या जन्मदेशानं, रोमानियानं, त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय सन्मान दिला. त्या माणसापुढे मान झुकवण्याखेरीज आपण काही करू शकत नाही.

पण त्याच सकाळी पहिला गोळीबार सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात झाला होता, आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. वर्गांच्या इमारतीतला गोळीबार त्यानंतर सुरू झाला. त्या दिवशी ३२ जण मारले गेले. दारात उभ्या राहणाऱ्या शिक्षकाच्या शौर्याला एक पुरस्कार द्या. मधल्या दोन तासांचा विचार करून आपल्या परिसरात वेळेवर इशारा पोहोचेल अशी यंत्रणा बसवणाऱ्या कारकुनाला, तंत्रज्ञाला दुसरा द्या. दुसऱ्याची छायाचित्रं कुणी छापत नाही, म्हणून तुमच्या समितीची गरज आहे.

नावं कुठून येतात

पहिली दोन वर्षं आम्ही प्राचार्यांना पत्रं पाठवली. उत्तरात प्राचार्यांची, उपप्राचार्यांची आणि कुलसचिवांची नावं आली. तिसऱ्या वर्षी अर्ज भरण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना, सफाई कामगारांना, वॉचमनना, ग्रंथालयातल्या आणि प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना दिला. स्वतःचं नाव स्वतः सुचवायला आणि वरिष्ठांनी स्वतःच्या कार्यालयाचं नाव सुचवायला मनाई केली. एका पानाचा फॉर्म केला आणि तो तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहून घेण्याची मुभा ठेवली. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा संकोच आहे, त्यांच्याकडेच खरी माहिती असते.

फॉर्मवर चार प्रश्न पुरे होतात:

१. आधी काय धोका होता? जागा सांगा, वेळ सांगा.
२. या व्यक्तीनं काय केलं? तुम्ही स्वतः पाहिलेलं सांगा.
३. आता तिथे काय वेगळं आहे? आम्ही जाऊन पाहिलं तर काय दिसेल?
४. हे काम करताना तिला कुणाचा विरोध झाला का?

चौथा प्रश्न काढून टाका, असा आग्रह आम्हाला दर वर्षी झाला आणि दर वर्षी मी तो ठेवायला लावला. सुरक्षिततेचं खरं काम कुणाच्या तरी सोयीआड येतंच. ज्या अर्जात या प्रश्नाखाली 'सर्वांचं सहकार्य लाभलं' असं लिहिलेलं असे, तो मी दोनदा वाचत असे.

त्या तिसऱ्या वर्षी ग्रंथालयात उशिरापर्यंत बसणाऱ्या एका विद्यार्थ्यानं रात्रपाळीच्या वॉचमनचं नाव सुचवलं. हे गृहस्थ एका वहीत परिसरातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहून ठेवत. दिवा कधी गेला, कधी लागला, मधल्या काळात त्या वाटेनं कोण कोण जातं. दर सोमवारी बंद दिव्यांची यादी ते कार्यालयात नेऊन देत. दिवा लागेपर्यंत मुलामुलींना लांबच्या, उजेडाच्या वाटेनं सोडायला स्वतः जात. सुचवणाऱ्यानं दुसऱ्या प्रश्नाखाली एवढंच लिहिलं होतं: 'काका माझ्यासोबत चालतात आणि एका शब्दानंही उपदेश करत नाहीत.'

पडताळणी रात्री करा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. आमची समिती सुरुवातीला सकाळी अकराला जायची. स्वागत, सादरीकरण, फेरफटका. सकाळी अकराला प्रत्येक परिसर सुरक्षित दिसतो.

रात्री साडेनऊ ते अकरा या वेळात जा. तारीख आधी सांगू नका, फक्त महिना सांगा. समितीत किमान दोन स्त्रिया हव्यात आणि एक तरी माणूस चाकाच्या खुर्चीवरून किंवा काठी घेऊन चालणारा हवा. आमच्याकडे कुबड्या वापरणारे एक निवृत्त ग्रंथपाल होते. 'सुरक्षित वाट' म्हणून ज्या पायवाटेचा फोटो अर्जाला जोडला होता, ती त्यांना पार करता येईना. आग लागली तर ज्या दारातून बाहेर पडायचं, त्या दाराला चार पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. आम्हा बाकीच्यांना त्या पायऱ्या दिसल्याच नव्हत्या.

ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत आणि शेवटच्या वर्गापासून बस थांब्यापर्यंत पायी चाला. संकटकाळी दाबायचं बटण असेल तर दाबा आणि घड्याळ लावा. हेल्पलाइन नंबर लावा. उचलणारा माणूस काय विचारतो ते नीट ऐका. 'तुम्ही कुठे आहात?' हा पहिला प्रश्न असेल तर बरं. 'इतक्या रात्री तिथे काय करताय?' हा असेल तर तसंच अहवालात लिहा. वसतिगृहाच्या मागच्या दाराकडे जा आणि त्याला वीट, चपला, दोरी असं काही लावलं आहे का ते बघा. आपत्कालीन दार आतून एका धक्क्यात उघडतं का, की त्याची किल्ली कुणाच्या तरी खिशात असते?

आगीचा अलार्म गेल्या सत्रात किती वेळा वाजला आणि त्यांतले किती खोटे होते, हे विचारायला विसरू नका. १९ जानेवारी २००० च्या पहाटे न्यू जर्सीतल्या सीटन हॉल विद्यापीठाच्या वसतिगृहात आग लागली आणि तीन विद्यार्थी गेले. आधीच्या महिन्यांत तिथे इतके खोटे अलार्म वाजले होते, की त्या पहाटे बऱ्याच मुलांना हाही तसाच असेल असं वाटलं. तिथे पाण्याचे फवारे नव्हते. त्यानंतर त्या राज्यानं वसतिगृहांत फवारे सक्तीचे करणारा कायदा केला. तेव्हापासून माझ्या लेखी, खोट्या अलार्मचं कारण शोधून ते थांबवणारा इलेक्ट्रिशियन पुरस्काराला पूर्ण पात्र आहे. आम्ही एकदा दिलाही. पोटमाळ्यावरच्या एका धूर-संवेदकात साचलेली धूळ त्यानं शोधून काढली होती आणि पुढे दर तिमाहीला सगळे संवेदक साफ करण्याचं वेळापत्रक लावलं होतं.

प्रयोगशाळेत जा. परिसराची सुरक्षितता म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फाटक आणि कॅमेरे येतात. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २३ वर्षांची संशोधन सहायक शेरी संगजी हवेत पेटणारं रसायन हाताळताना भाजली आणि अठरा दिवसांनी गेली. तिच्या अंगावर संरक्षक कोट नव्हता. त्या प्रकरणानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठानं प्रयोगशाळांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र केंद्र उभं केलं. म्हणून मी प्रयोगशाळेत गेले की भिंतीवरच्या सूचना वाचत बसत नसे. कोट किती आहेत आणि विद्यार्थी किती, हे मोजत असे. डोळे धुण्याचा नळ सोडून बघत असे. एका ठिकाणी त्यातून आधी गंजाचं लाल पाणी आलं.

शेवटी माणसांशी बोला, पण वरिष्ठांसमोर नको. पहिल्या वर्षाच्या मुलांशी वेगळं, कंत्राटी कामगारांशी वेगळं, बाहेरगावाहून किंवा परदेशातून आलेल्यांशी वेगळं. 'तुम्हाला सुरक्षित वाटतं का?' असं विचारलंत तर 'हो' येईल. 'तुमच्या मैत्रिणीला काही झालं तर आज रात्री तुम्ही कुणाकडे जाल?' असं विचारा. जर पाच जणांनी एकच नाव घेतलं, तर तुम्हाला तुमचा मानकरी बहुधा सापडला. अर्जात भलतंच नाव असलं तरी.

संस्थेचा सन्मान करताना आकडे कसे वाचायचे

जीनचे आईवडील, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी, लेकीच्या मृत्यूनंतर एकाच मागणीवर अडून बसले: परिसरात काय घडतं ते विद्यार्थ्यांना आणि पालकांना आधी कळलं पाहिजे. १९९० मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि १९९८ मध्ये त्याला जीनचं नाव दिलं गेलं. तिथल्या ज्या महाविद्यालयांना केंद्राच्या विद्यार्थी-साहाय्य योजनांचा पैसा मिळतो, त्यांना दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांची गुन्ह्यांची आकडेवारी प्रसिद्ध करावी लागते. स्वतःचे पोलीस किंवा सुरक्षा विभाग असलेल्या संस्थांना गुन्ह्यांची रोजची नोंदवही ठेवावी लागते, आणि गेल्या ६० दिवसांच्या नोंदी कामकाजाच्या वेळेत कुणालाही बघता येतात. धोका चालू असेल तर वेळेवर इशारा द्यावा लागतो. व्हर्जिनिया टेकनंतर, २००८ मध्ये, तातडीच्या सूचनेची अटही त्यात आली.

भारतातही एका बापाच्या दुःखातून असंच काम उभं राहिलं. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात वरिष्ठांच्या मारहाणीनंतर अमन काचरू हा १९ वर्षांचा विद्यार्थी गेला. वडील राजेंद्र काचरू यांनी रॅगिंगविरोधी लढा हाती घेतला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम आले आणि देशभरासाठी हेल्पलाइन सुरू झाली. दोन्ही कुटुंबांनी धरून ठेवलेली गोष्ट एकच आहे. घडलेलं नोंदवलं गेलं पाहिजे.

तुमचा पुरस्कार 'सर्वात कमी तक्रारी' या निकषावर चालला, तर तो या सगळ्याच्या विरुद्ध दिशेनं ओढतो. बक्षीस आकड्याला लागलं की माणसं आकडा सांभाळतात. वॉर्डन मुलीला समजावतो, 'जाऊ दे, संस्थेचं नाव आहे.' प्राध्यापक म्हणतात, 'लेखी कशाला, मी बोलतो त्याच्याशी.' तुम्ही लावलेलं मानचिन्ह त्या मुलीच्या तोंडावरचा हात होऊन बसतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या पुरस्कारानं कदाचित तेच केलं असेल, आणि ते ओझं मी अजून वाहते.

तर आकडा बघू नका, तक्रारीचं पुढे काय होतं ते बघा. तक्रार आली त्या दिवसापासून पहिलं उत्तर किती दिवसांत गेलं? किती तक्रारी तक्रारदारानं मध्येच सोडल्या, आणि का? तक्रार केल्यानंतर ती विद्यार्थिनी पुढच्या सत्राला हजर होती का, की गळाली? किरकोळ वाटणाऱ्या, 'थोडक्यात वाचलो' अशा घटना नोंदवल्या जातात का? नवी समिती आल्यावर किंवा नवी हेल्पलाइन सुरू झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत तक्रारी वाढल्या असतील, तर ती बहुतेकदा विश्वास वाढल्याची खूण असते. अशा संस्थेला तिच्या वाढलेल्या आकड्यासकट व्यासपीठावर बोलवा आणि आकडा मोठ्यानं वाचा. हे आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा सभागृह गप्प झालं होतं. पुढच्या वर्षी दोन संस्थांनी खरे आकडे आपणहून पाठवले.

प्रशिक्षणाबद्दलही असंच काटेकोर राहा. 'वर्षभरात बारा जागृती कार्यक्रम' हे मोजमाप मी मानत नाही. कॅनडातल्या तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. धोका ओळखणं, ओळखीच्या माणसालाही ठाम नकार देणं आणि प्रतिकार करणं शिकवणाऱ्या वर्गांना गेलेल्या मुलींत वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के आढळलं. फक्त माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ते ९.८ टक्के होतं. माहितीपत्रकं वाटणं आणि चार सत्रं बसून सराव घेणं यांत एवढं अंतर पडतं. अर्ज करणाऱ्या संस्थेला विचारा: किती तास, किती जण, सराव कोणता, आणि नंतर काय बदललं हे कसं तपासलं?

एक गोष्ट आम्ही कधीच सुरक्षितता म्हणून मोजली नाही. मुलींना संध्याकाळी सातला कोंडून घेणं. मी रेक्टर असताना माझ्यावरही तो दबाव होता. कुलूप लवकर लावलं की रेक्टरला झोप लागते, पण मुलगी ग्रंथालयाला मुकते, प्रयोगशाळेतल्या रात्रीच्या प्रयोगाला मुकते, आणि उशीर झाला तर शिक्षेच्या भीतीनं मदतही मागत नाही. अशा कुलपाचा अभिमान मिरवणारा अर्ज आला की आम्ही तो परत पाठवत असू आणि सोबत कारण लिहीत असू. कॅमेऱ्यांच्या संख्येचंही तेच. किती आहेत हे नको. चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतं, आणि त्याचा गैरवापर होऊ नये म्हणून काय केलं आहे ते सांगा.

ज्यांनी सोसलं, त्यांचा सन्मान

कधी कधी परिसर बदलतो तो तक्रार करणाऱ्या मुलीमुळे किंवा मुलामुळे. त्यांचा सन्मान करावा असं मनापासून वाटतं, पण इथे घाई केलीत तर इजा होईल. आधी विश्वासातल्या माणसाकरवी एकट्यात विचारा. नाव जाहीर करायचं की नाही, फोटो काढायचा की नाही, मानपत्रात घटनेचा उल्लेख हवा की फक्त झालेल्या बदलाचा, हे प्रत्येक वेगवेगळं विचारा. एका होकारात सगळं गृहीत धरू नका. समारंभाच्या सकाळीही 'नको' म्हणता येईल, असं लेखी द्या आणि त्यासाठी दुसरं मानपत्र तयार ठेवा. लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची ओळख उघड करायला कायद्यानं मनाई असते, तेव्हा कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घेतल्याशिवाय एक ओळही छापू नका.

एका विद्यार्थिनीनं आम्हाला नकार दिला. तिनं एकच मागितलं: तिच्या तक्रारीनंतर बदललेल्या नियमाची प्रत, पदवीच्या कागदांसोबत ठेवायला. आम्ही ती प्रत संस्थेच्या सहीशिक्क्यानिशी मिळवली आणि तिला टपालानं पाठवली. कुठेही जाहीर न झालेला तो सन्मान मला सगळ्यांत योग्य वाटतो.

मानपत्र आणि समारंभ

मानपत्रात क्रियापदं असू द्या. 'कर्तव्यदक्ष, सेवाभावी, आदर्श व्यक्तिमत्त्व' हे शब्द कुणालाही चिकटतात. वॉचमनकाकांचं मानपत्र मी असं लिहिलं: 'यांनी दोन वर्षांत परिसरातल्या ६४ दिव्यांची नोंद ठेवली. बंद पडलेल्या प्रत्येक दिव्याची मागणी लेखी केली. दिवा लागेपर्यंत त्या वाटेवर स्वतः उभे राहिले.' ते वाचताना त्यांच्या मुलीला पहिल्यांदा कळलं, की वडील रात्री नेमकं काय करतात.

समारंभ वर्षाच्या शेवटी ठेवू नका. नवीन मुलं येतात ते पहिले आठवडे सगळ्यांत नाजूक असतात. त्यांना रस्ते माहीत नसतात, माणसं माहीत नसतात, आणि नाही म्हणायची भीड असते. तेव्हाच समारंभ करा आणि मानकऱ्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं करा. उद्या मदत लागली तर या चेहऱ्याकडे जायचं, हे त्यांना दिसू दे. आणि रात्रपाळीच्या माणसाचा सत्कार दुपारी ठेवून त्याची झोप मोडू नका. वेळ त्याला विचारून ठरवा.

मानचिन्हाबरोबर उपयोगाचं काही द्या. कंत्राटी कामगार असेल तर संस्थेकडून प्रशंसापत्र आणि ते त्याच्या नोकरीच्या नोंदीत लागल्याचा पुरावा. कंत्राट बदललं की आधीची माणसं जातात. वॉचमनकाकांचंही तसं होण्याच्या बेतात होतं. नव्या कंत्राटदाराला समितीनं लिहिलेलं पत्र त्यांच्या कामी आलं. विद्यार्थी असेल तर शिफारसपत्र. संस्था असेल तर पुरस्काराची रक्कम परिसरातल्या एका ठरावीक दुरुस्तीसाठीच वापरायची, आणि ती दुरुस्ती कोणती हे विद्यार्थ्यांनी ठरवायचं.

नियमावलीत सन्मान परत घेण्याचं कलम पहिल्या दिवसापासून ठेवा. आमच्याकडे ते नव्हतं. त्या तीन मुली पुढे आल्या तेव्हा संस्थेच्या दर्शनी भिंतीवर आमचं मानचिन्ह होतं आणि ते उतरवायचा अधिकार आम्हाला नव्हता. आता कलम असं आहे: माहिती दडवल्याचं किंवा तक्रारदारावर दबाव आणल्याचं सिद्ध झालं, तर पुरस्कार रद्द होतो आणि तो जाहीर झाला होता तितक्याच ठळकपणे रद्द झाल्याचं जाहीर केलं जातं.

सहा महिन्यांनी परत जा

समारंभाच्या दिवशीच समितीच्या वहीत पुढच्या भेटीची तारीख लिहा. मानपत्रात जे लिहिलं ते अजून तिथे आहे का, एवढंच बघायचं. संवेदक साफ केल्याच्या तारखा, डोळे धुण्याच्या नळाचं पाणी, मागचं दार. काही ढासळलं असेल तर आधी मानकऱ्याला विचारा. बहुतेकदा त्याच्याकडून काम काढून घेतलेलं असतं, किंवा त्याची मागणी कुणाच्या तरी टेबलावर अडलेली असते. तसं असेल तर समितीच्या नावानं त्या टेबलापर्यंत पत्र पाठवा.

वॉचमनकाका दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात मी त्या परिसरात रात्री दहाला गेले. फाटकावर एक तरुण मुलगी होती, नव्यानं लागलेली. तिनं माझी ओळख विचारली, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि मग टेबलाखालून एक वही काढून दाखवली. खांबांचे क्रमांक तेच होते. रकान्यांत तिनं एक वाढवला होता: 'मागणी कुणाकडे दिली'. त्या रात्री ३१ नंबरचा दिवा बंद होता, आणि त्यापुढे दोन दिवसांपूर्वीची तारीख आणि एका अधिकाऱ्याची सही होती.